परग्रहावरचे सासर

माणसाचे परग्रहावरच्या जिवाशी लग्न लागले, तर त्यांना मूल होईल का? ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि हा प्रश्न सामान्य प्रेक्षकांच्या तोंडी आला. त्या मालिकेतला सर्वांचा लाडका अधिकारी स्पॉक अशाच लग्नाचा मुलगा होता. वडील सॅरेक व्हल्कन ग्रहाचे, आई अमांडा पृथ्वीची. टोकदार कान आणि हिरवे रक्त वडिलांकडून आलेले, आतल्या आत दाबून ठेवलेली माया आईकडून. या एका प्रश्नाच्या पोटात आणखी तीन प्रश्न दडलेले आहेत. दोन ग्रहांवरच्या जिवांना एकमेकांची ओढ वाटेल का? वाटली, तर तिला प्रेम म्हणता येईल का? आणि एवढ्या अंतरावरून त्यांची गाठ पडणार कशी?

१. अप्सरेपासून मंगळाच्या राजकन्येपर्यंत

मर्त्य माणूस आणि दुसऱ्या लोकातला जोडीदार ही जोडी भारतीय वाचकाला नवी नाही. पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. शंतनूच्या घरी गंगा अटी घालून नांदते आणि अट मोडताच निघून जाते. अर्जुनाला नागलोकातली उलूपी भेटते. विज्ञानकथेला सर्वांत जवळची गोष्ट मात्र नल-दमयंतीची आहे. स्वयंवरात चार देव नळाचे रूप घेऊन त्याच्या शेजारी बसतात. पाच नळांतून खरा नळ ओळखायचा कसा? दमयंती देवांनाच शरण जाते, तेव्हा ते आपली लक्षणे उघड करतात. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, सावली पडत नाही, गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याच्या अंगाला घाम आहे आणि ज्याची माळ सुकली आहे, त्याच्या गळ्यात दमयंती वरमाला घालते. समोरचा जीव दिसायला हुबेहूब माणसासारखा असला, तरी त्याचे शरीर वेगळ्या नियमांवर चालत असू शकते, ही जाण या गोष्टीत आहे.

ते शरीर वेगळे का, याचे कारण सांगण्याची जबाबदारी विज्ञानकथा घेते. एडगर राइस बरोज यांची मंगळावरची पहिली कादंबरी १९१२ साली अमेरिकेतल्या ‘ऑल-स्टोरी’ मासिकात क्रमशः आली आणि १९१७ साली ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने पुस्तकरूपात निघाली. पर्सिव्हल लॉवेल या खगोलनिरीक्षकाने मंगळावर कालवे आहेत, तो कोरडा पडत चाललेला ग्रह आहे, असे मत १८९५ सालच्या पुस्तकात मांडले होते. बरोज यांनी नेमके तेच नेपथ्य घेतले: आटलेले समुद्र, ओस पडलेली शहरे आणि तांबूस वर्णाची राजकन्या डेजा थोरिस. पृथ्वीवरून आलेला जॉन कार्टर तिच्या प्रेमात पडतो, त्यांचे लग्न होते, आणि कादंबरीच्या शेवटाकडे राजवाड्याच्या गच्चीवर सोनेरी उबवणीपेटीत एक पांढरेशुभ्र अंडे ठेवलेले दिसते. त्याच्यावर सैनिकांचा पहारा आहे. त्या अंड्यातून पुढे त्यांचा मुलगा बाहेर येतो.

ही कल्पना फार मोहक आहे, पण ती टिकत नाही. जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या वीस-बावीस छायाचित्रांत कालवे नव्हते; खड्डे होते. हवाही अतिशय विरळ निघाली. राजकन्येचे शहर त्या दिवशी नकाशावरून पुसले गेले. अंड्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला, आणि तो मंगळापुरता नाही.

२. अंड्याचा हिशेब

मूल होणे म्हणजे दोन वह्या जुळणे. प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात. शरीर कसे बांधायचे याच्या सूचना त्यांच्यावर लिहिलेल्या असतात. निम्म्या सूचना आईकडून येतात, निम्म्या बापाकडून. पिशवीच्या चेनचे दोन्ही काठ समोरासमोर आले की दात एकमेकांत बसतात, तशी ही गुणसूत्रे पुढच्या पिढीची बीजे तयार होताना जोडीने समोरासमोर बसतात. एका काठाचे दात कमी असले की चेन अडते.

याचे उदाहरण विटांच्या भट्टीवर किंवा डोंगरातल्या लष्करी वाटेवर पाहायला मिळते: खेचर. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, म्हणून घोडीच्या बीजात ३२. गाढवाच्या पेशीत ६२, म्हणून त्याच्या बीजात ३१. बेरीज ६३. खेचर धडधाकट जन्माला येते, ओझे वाहते, चिवटपणात आईबापांच्याही पुढे जाते. पण त्याची स्वतःची बीजे तयार व्हायची वेळ आली की ६३ चे दोन सारखे भाग पडत नाहीत, आणि जोड्याही नीट लागत नाहीत. म्हणून खेचराला पिल्लू होत नाही. झालेच तर ती बातमी होते. घोडा आणि गाढव हे तर जवळचे भाऊबंद. त्यांच्या वाटा वेगळ्या होऊन काही दशलक्ष वर्षेच झाली आहेत, तरी एवढी अडचण.

उलट बाजूचे उदाहरणही आहे, आणि ते मन हलवणारे आहे. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात डेनिसोवा नावाची गुहा आहे. तिथे हाडाचा एक तुकडा मिळाला, लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. त्यातल्या डीएनएचे वाचन २०१८ साली प्रसिद्ध झाले. हाड सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलीचे होते. मरताना तिचे वय तेराच्या आसपास किंवा थोडे अधिक असावे. तिची आई निअँडरथल होती आणि बाप डेनिसोव्हन. दोन वेगळ्या मानवगटांतल्या दोघांचे हे थेट अपत्य. निअँडरथलांचा आधुनिक माणसाशीही संबंध आला होता. म्हणून आफ्रिकेबाहेर पांगलेल्या मानवांच्या वंशजांत, म्हणजे मराठी माणसातही, एक ते दोन टक्के डीएनए निअँडरथलांचा आहे. हे शोधून काढणाऱ्या स्वांते पाबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्पॉकची खरी भावंडे शोधायचीच असतील, तर ती या गुहेत सापडतात.

पण डेनिसोवाच्या मुलीचे आईबाप एकाच मुळाचे होते. त्यांचा समाईक पूर्वज काही लाख वर्षांमागे होऊन गेला होता. व्हल्कन ग्रहावरच्या जिवाशी माणसाचा समाईक पूर्वज कोणता? कोणताच नाही. अडचणीची खरी जागा ही आहे, आणि ती समजून घेण्यासाठी आधी जनुकांची लिपी पाहावी लागते.

पृथ्वीवरचा प्रत्येक सजीव, मग तो आंबा असो, मुंगी असो वा माणूस, चार रासायनिक अक्षरांची एकच लिपी वापरतो. तीन-तीन अक्षरांचे शब्द पडतात. चार अक्षरांतून तीन जागा भरायच्या, म्हणजे ४ × ४ × ४ = ६४ शब्द. हे ६४ शब्द २० अमिनो आम्लांची नावे सांगतात, आणि वाक्य कुठे थांबवायचे तेही सांगतात. कोणत्या शब्दाचा अर्थ कोणते आम्ल, हा कोश किरकोळ फरक सोडले तर सगळीकडे तोच आहे. सारे सजीव एकाच मुळापासून आले, याचा हा भक्कम पुरावा मानला जातो.

आता अशी कल्पना करावी की, दुसऱ्या ग्रहावरच्या जीवसृष्टीनेही योगायोगाने हीच चार अक्षरे घेतली. तरी कोश तोच असेल, असे मानायला काहीही आधार नाही. ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत वाचला तर छडी आठवते, हिंदीत वाचला तर शाळा. अक्षरे तीच, लिपी तीच, अर्थ दुसरा. एका शब्दाने घोटाळा होतो. इथे तर माणसाच्या एका बीजात तीन अब्जांच्या आसपास अक्षरे असतात. पृथ्वीवरच्या बीजाने परग्रहावरची वही आपल्या कोशाने वाचली, तर पहिल्या ओळीपासूनच अर्थाचा अनर्थ होईल.

आणखी एक पेच हाताचा आहे. अमिनो आम्लांचे रेणू उजव्या आणि डाव्या चपलेसारखे दोन रूपांत असू शकतात. पृथ्वीवरची जीवसृष्टी प्रथिने बांधताना डावे रूप वापरते, साखरेत मात्र उजवे. दुसरीकडे नेमके उलटे असू शकते. उलट्या हाताचे ग्लुकोज जिभेला गोडच लागते, पण शरीर ते जाळू शकत नाही. म्हणजे परग्रहावरच्या लग्नात पंगतीला वाढलेले पक्वान्न चवीला उत्तम लागेल आणि वऱ्हाडी उपाशी राहतील. जिथे जेवण जुळत नाही, तिथे बीज कुठून जुळणार?

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचे बालपण बरोज यांच्या मंगळकथा वाचण्यात गेले होते. त्यांनीच १९७८ सालच्या एका लेखात स्पॉकचा निकाल लावला: माणूस आणि व्हल्कन यांच्या संकरापेक्षा माणूस आणि आर्टिचोक यांचा संकर अधिक शक्य कोटीतला आहे. आर्टिचोक ही सूर्यफुलाच्या कुळातली भाजी. हे विधान चमत्कारिक वाटते, पण हिशेब चोख आहे. भाजी आणि माणूस यांचा समाईक पूर्वज शंभर-दीडशे कोटी वर्षांपूर्वीचा का होईना, आहे. दोघांची लिपी एक, कोश एक. व्हल्कनशी तेवढेही नाते नाही. ‘स्टार ट्रेक’च्या लेखकांनाही ही अडचण जाणवली असावी. १९९३ सालच्या एका भागात त्यांनी अब्जावधी वर्षांपूर्वीचे एक आद्य कुळ आणले आणि त्यानेच अनेक ग्रहांवर एकच बीज पेरले, असा खुलासा केला. कथेच्या चौकटीत तो योग्य आहे. समाईक पूर्वज हवाच, हे त्यात मान्य केले आहे.

हिरव्या रक्ताबद्दल थोडे. स्पॉकच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते, असे मालिकेत सांगितले आहे. तांब्यावर चालणारे रक्त ही कविकल्पना नव्हे. कोकणच्या मासळीबाजारात टोपलीत पडलेले खेकडे, कोळंबी आणि माकूळ यांचे रक्त तांब्यावरच चालते. फक्त प्राणवायू मिळाल्यावर ते हिरवे न होता निळसर होते.

३. रूप सारखे, मूळ वेगळे

मूल होणार नाही हे ठरले. पण निदान चेहरामोहरा तरी माणसासारखा असेल का? इथे उत्क्रांती थोडी आशा दाखवते. डॉल्फिन सस्तन प्राणी, शार्क मासा, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेला इक्थिओसॉर सरपटणाऱ्यांतला. तिघांच्या घराण्यांचा जवळचा संबंध नाही, तरी तिघांचे अंग निमुळते आणि पाठीवर पर. पाणी वेगाने कापायचे, तर तोच आकार सोयीचा पडतो. माकूळ आणि माणूस यांचे कॅमेऱ्यासारखे डोळेही स्वतंत्रपणे घडले आहेत. म्हणजे परग्रहावर डोळे असलेले, हातांनी वस्तू उचलणारे जीव असणे अशक्य नाही. पण डोळे असणे वेगळे आणि ते डोळे माणसाला सुंदर वाटणे वेगळे.

सारखेपणाचे आणखी एक कारण निसर्गात सापडते: सोंग. काही ऑर्किडांची फुले मादी मधमाशीसारखी दिसतात आणि तसाच वासही सोडतात. नर येतो, फुलाशी झटतो आणि पराग घेऊन जातो. फिलिप होजे फार्मर यांनी हे सूत्र प्रेमकथेत आणले. त्यांची ‘द लव्हर्स’ ही कथा १९५२ साली ‘स्टार्टलिंग स्टोरीज’ मासिकात आली. त्याआधी त्या काळातल्या दोन नामवंत संपादकांनी ती नाकारली होती, कारण माणूस आणि परजीव, म्हणजे परग्रहावरचा जीव, यांचा शरीरसंबंध हा विषय मासिकांना वर्ज्य होता. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, फार्मर यांना होतकरू नवा लेखक म्हणून ह्यूगो पुरस्कार मिळाला.

कथेत हॅल यारो हा धर्मसत्तेच्या कडक पहाऱ्यात वाढलेला पृथ्वीवासी दुसऱ्या ग्रहावर जातो. तिथे त्याला जेनेट भेटते. ती प्रेमळ आहे, सुंदर आहे, त्याच्या आयुष्यातला पहिला मोकळा श्वास आहे. तिला एका मादक पेयाची सवय आहे आणि हॅलला ती खटकते. तिचे व्यसन सुटावे म्हणून तो तिच्या नकळत बिनमद्याचे पेय भरून ठेवतो. जेनेट प्रत्यक्षात माणूस नाहीच. माणसाचे सोंग हुबेहूब वठवत आलेल्या कीटकसदृश कुळातली ती मादी आहे, आणि या कुळातल्या माद्या गर्भ राहिला की मरतात. पिल्ले त्यांच्याच देहावर वाढतात. ते पेय गर्भ राहू देत नव्हते. हॅलच्या प्रेमानेच तिचा जीव घेतला.

या कथेत विज्ञान शोभेला टांगलेले नाही, शोकांतिका त्यातूनच घडते. दोघांच्या प्रेमात खोट नव्हती. तिचे शरीर कसे चालते हे त्याने विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. सत्तर वर्षांनंतरही ही कथा वाचावीशी वाटते, ती यामुळे.

४. ओढ आणि तिचा गैरसमज

पश्चिम ऑस्ट्रेलियात एक तपकिरी, चकचकीत भुंगेरा आढळतो. रस्त्याकडेला फेकलेल्या बिअरच्या तपकिरी बाटल्यांवर त्याचे नर चढून बसलेले दोन संशोधकांना दिसले. त्यांनी १९८३ साली त्याबद्दल लिहिले. बाटलीचा रंग मादीच्या पाठीसारखा, तळाशी असलेले काचेचे बारीक उंचवटेही तसेच, आणि आकार तर मादीपेक्षा कितीतरी मोठा. नरांना खऱ्या मादीपेक्षा बाटली अधिक आवडली. ते उन्हात तिथेच चिकटून राहत, मुंग्या लागल्या तरी हलत नसत.

याला अतिउद्दीपक म्हणतात. मूळ खुणेपेक्षा नक्कल अधिक ठळक असली, की सहजप्रेरणा नकलेकडे धावते. निको टिनबर्गन यांनी पक्ष्यांवर असे प्रयोग केले होते. कुरव पक्ष्याचे पिल्लू आईच्या चोचीवरच्या लाल ठिपक्याला टोचते, पण पांढरे पट्टे रंगवलेली लाल काडी समोर धरली, तर ते काडीला अधिक जोराने टोचते. टिनबर्गन यांना १९७३ साली नोबेल मिळाले.

त्याच्या आदल्याच वर्षी जेम्स टिप्ट्री या लेखकाने हे सूत्र माणसाला लावले. टिप्ट्री हे टोपणनाव होते. त्यामागे ॲलिस शेल्डन ही मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली स्त्री होती. तिच्या १९७२ सालच्या कथेत अंतराळस्थानकावरची माणसे परग्रहवासीयांच्या ओढीने झिजत जातात. घरदार, जोडीदार, स्वाभिमान सगळे सोडून ती त्यांच्या मागे फिरतात, आणि परग्रहवासीयांना त्यांच्यात काहीही रस नसतो. त्या माणसांची अवस्था बाटलीवरच्या भुंगेऱ्याची आहे. ओढ खरी असली, तरी ती समोरच्या जिवाची ओळख पटल्याचा पुरावा होत नाही. परग्रहावरच्या प्रेमकथा पारखताना हा फरक पहिल्यांदा पाहावा.

५. दोनच का?

नर आणि मादी अशी दोनच लिंगे असतात, ही पृथ्वीवरचीसुद्धा सार्वत्रिक रीत नाही. लाकडावर उगवणाऱ्या एका पंख्यासारख्या बुरशीत २३ हजारांहून अधिक मीलनप्रकार आहेत. स्वतःचा प्रकार सोडून जवळजवळ कुणाशीही तिची जोडी जमू शकते. आयझॅक ॲसिमॉव्ह यांनी १९७२ सालच्या ‘द गॉड्स देमसेल्व्ह्ज’मध्ये तीन लिंगांचे मऊ, विरळ देहाचे जीव रंगवले. एक विचार करणारा, एक भावनेवर जगणारा, एक पिल्ले वाढवणारा. तिघे एकमेकांत मिसळल्याशिवाय संसार होत नाही.

अर्सुला ले ग्विन यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीत याहून साधा आणि खोल बदल केला. गेथेन या बर्फाळ ग्रहावरची माणसे महिन्यातले बरेच दिवस ना स्त्री असतात ना पुरुष. ठरावीक दिवसांत शरीर जागे होते आणि त्या वेळी जोडीदाराच्या सहवासानुसार ते स्त्रीचे किंवा पुरुषाचे रूप घेते. म्हणून एकच व्यक्ती एका मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकते. पृथ्वीवरून आलेला दूत गेन्ली आय याला हे पटत नाही. आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या एस्ट्राव्हेनवर तो निम्म्याहून अधिक कादंबरीभर विश्वास ठेवत नाही; त्याच्यात बाईपण दिसले की तो बिचकतो.

मग दोघांना पळ काढून हिमनदीवरून शेकडो मैल चालावे लागते. एक घसरगाडी, एक तंबू, एक शेगडी, मोजून ठेवलेले अन्न. त्या तंबूत एस्ट्राव्हेनचे ते दिवस येतात. दोघांनाही ओढ जाणवते, दोघे ती बोलून दाखवतात आणि अंतर राखायचे ठरवतात. त्याऐवजी गेन्ली त्याला मनाने मनाशी बोलायची विद्या शिकवतो. पहिल्यांदा ते बोलणे पोहोचते, तेव्हा एस्ट्राव्हेनला गेन्लीचा आवाज आपल्या मेलेल्या भावाच्या आवाजात ऐकू येतो आणि तो हादरतो. माणूस आणि परजीव यांच्या प्रेमाचे याहून सच्चे चित्र विज्ञानकथेत क्वचितच आहे. इथे स्पर्श नाही, मूल नाही. दुसऱ्याला त्याच्याच रूपात पाहायला शिकणे आहे, आणि ते शिकायला बर्फावरचे कित्येक आठवडे लागतात.

६. ठरलेला जोडीदार आणि होकार

अलीकडच्या परग्रहप्रेमाच्या लोकप्रिय कादंबऱ्यांत ‘ठरलेला जोडीदार’ ही कल्पना वारंवार येते. परजीवाचे शरीर एका क्षणी ओळखते की हीच आपली जोडीदार, आणि मग मागे फिरणे नसते. रूबी डिक्सन यांची ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ ही मालिका २०१५ पासून त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली. २०२१ साली समाजमाध्यमांतून ती एकदम गाजली आणि मोठ्या प्रकाशनाने तिची छापील आवृत्ती काढली. तिथल्या बर्फाळ ग्रहावर जगायचे, तर शरीरात एक सहजीवी जीव वागवावा लागतो. तोच छातीत गुणगुणून जोडीदार ठरवतो. साता जन्मांच्या गाठी बांधल्याची कल्पना ज्या समाजात रुजली आहे, त्याला यातला दिलासा लगेच कळेल. निवडीची चिंता नाही, नकाराची भीती नाही.

शरीर जोडी बांधते, यात तथ्य आहे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातला प्रेअरी व्होल हा उंदरासारखा छोटा प्राणी जोडीने राहतो, आणि ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके त्या जोडीला घट्ट करतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. पण शरीराने कौल दिला आणि मनाने दिला नाही, तर? डिक्सन यांच्या मालिकेतल्या स्त्रिया त्या ग्रहावर स्वखुशीने आलेल्या नाहीत, पळवून आणलेल्या आहेत. तिथे होकाराचा प्रश्न टाळता येत नाही, आणि या प्रकारच्या पुष्कळ कादंबऱ्या तो फार लवकर मिटवतात. ही त्यांची मोठी उणीव आहे.

ऑक्टेव्हिया बटलर यांनी तो मिटवला नाही. त्यांची ‘ब्लडचाइल्ड’ ही कथा १९८४ साली आली. तिला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार मिळाले. ॲमेझॉनच्या जंगलात जाण्यापूर्वी बटलर यांना बॉटफ्लाय या माशीची दहशत वाटत होती. या माशीची अळी माणसाच्या कातडीखाली वाढते. त्या भीतीतून ही कथा घडली. कथेत माणसे परक्या ग्रहावर आश्रित आहेत. तिथले मोठे, अनेक पायांचे त्लिक त्यांना संरक्षण देतात आणि मोबदल्यात आपली अंडी त्यांच्या शरीरात वाढवतात. ती बहुधा पुरुषांच्या शरीरात वाढतात. गान हा मुलगा तगातोई या त्लिकच्या मायेत वाढला आहे. एके दिवशी तो एका माणसाच्या पोटातून अळ्या चिरून काढताना पाहतो. त्या रात्री तो बंदूक घेऊन स्वयंपाकघरात बसतो. तगातोई समोर येते. दोघे बोलतात, आणि तो शेवटी होकार देतो. पण एक अट घालतो, बंदूक घरातच राहील. तिला धोका पत्करावा लागेल, जसा तो पत्करतो आहे.

बटलर या कथेला प्रेमकथाच म्हणत. परग्रहावरच्या जोडीदाराची गोष्ट इतकी अंगावर काटा आणणारी आणि तरीही इतकी मायाळू असू शकते, हे या छोट्या कथेने दाखवले. बरोबरी नसताना दिलेला होकार कितपत मोकळा, हा प्रश्न ती वाचकाच्या हातात ठेवते.

७. भेटीचे अंतर

सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तिथे ‘कशी आहेस?’ असे रेडिओवरून विचारले, तर प्रश्न पोहोचायला सव्वाचार वर्षे आणि उत्तर यायला तेवढीच. एका विचारपुशीला साडेआठ वर्षे. स्वतः जायचे म्हटले, तर ‘व्हॉयेजर १’ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने हे अंतर कापायला ७५ हजार वर्षे लागतील.

वेग पुष्कळ वाढवला, तर आइन्स्टाइनची सापेक्षता मदतीला येते आणि अडचणही आणते. समजा, २५ वर्षांच्या दोन जुळ्या बहिणी आहेत. एकीचा जोडीदार १२ प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहावर आहे. ती प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने निघते. पृथ्वीच्या घड्याळाने जाण्याला १२ भागिले ०.८ म्हणजे १५ वर्षे लागतात. यानातले घड्याळ मात्र या वेगाला ०.६ पट चालते, म्हणून तिच्या दृष्टीने ९ वर्षेच जातात. ती तिथे क्षणभर भेटून लगेच परत फिरली, तर पृथ्वीवरची बहीण ५५ वर्षांची असते आणि ती स्वतः ४३ वर्षांची. परग्रहावर दिलेल्या लेकीला माहेरपणाला आणायचे, तर भावंडांची निम्मी हयात जाते. आणि ८० टक्के वेगाचे यान आज कुणाकडेही नाही.

म्हणून अशा कथांचा शेवट बहुधा निरोपात होतो. राजकुमार हिरानी यांच्या ‘पीके’ (२०१४) या चित्रपटातला परग्रहवासी आपले प्रेम न सांगताच परत जातो. जाताना तो कॅसेटी घेऊन जातो. त्यांत त्याने जग्गूचा आवाज साठवलेला असतो.

प्रत्यक्षातही एक आवाज असाच पाठवला गेला आहे. १९७७ साली दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली, परग्रहवासीयांसाठी. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठीही आहे. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्याच तबकडीवर एका स्त्रीच्या मेंदूच्या आणि हृदयाच्या स्पंदनांची नोंद आहे. ती तबकडीच्या कामातल्या प्रमुख सर्जक ॲन ड्रुयान यांची. ३ जून १९७७ रोजी ती नोंद झाली. त्याच्या दोनच दिवस आधी टेलिफोनवर बोलता बोलता त्यांनी आणि कार्ल सेगन यांनी लग्न करायचे ठरवले होते. नोंद सुरू असताना ड्रुयान यांनी पृथ्वीचा इतिहास मनात आणला आणि शेवटी, प्रेमात पडणे म्हणजे काय, याचा विचार केला. तासाभराची ती स्पंदने एका मिनिटात बसवली आहेत; ऐकायला फटाक्यांची माळ लागल्यासारखी वाटतात. सेगन १९९६ साली गेले. ‘व्हॉयेजर १’ सुमारे ४० हजार वर्षांनी ग्लीस ४४५ या ताऱ्यापासून पावणेदोन प्रकाशवर्षांच्या आत येईल. तोवर त्याच्या वाटेवर दुसरा कोणताही तारा इतका जवळ नाही.